वाचक विचारतात : मैलाचा आकडा आणि समुद्राची बाजू

प्रश्न : आम्ही दोघे बोरिवलीहून मुलाकडे, व्हर्जिनियातल्या नॉरफोकला चाललो आहोत. तिथून नॉर्थ कॅरोलिनाच्या आउटर बँक्स बेटांवर चार दिवस राहणार आहोत. घराच्या पत्त्यात 'एमपी 8.5, बिटवीन द हायवेज' असं लिहिलंय. म्हणजे नेमकं कुठे? पुढे ओक्राकोक बेटावरही जायचंय. वाटेत काय सांभाळावं?

उत्तर : आपण जसं 'बोरिवली वेस्ट' म्हणतो, म्हणजे आधी स्टेशन आणि मग रुळांची बाजू, तसाच हा पत्ता आहे. एमपी म्हणजे माइलपोस्ट. तिथे मैलाचा आकडा हेच स्टेशन, आणि बाजू म्हणजे समुद्राची, साउंडची किंवा मधली. साउंड म्हणजे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधलं उथळ पाणी.

राइट मेमोरियल पूल उतरून दक्षिणेला लागलात की किटी हॉकपासून आकडे वाढत जातात, ते नॅग्ज हेडच्या टोकाला सोळाच्या पुढे पोचतात. या टापूत दोन रस्ते शेजारीशेजारी धावतात, एस. व्ही. रोड आणि एक्स्प्रेस हायवेसारखे. 158 नंबरचा रुंद रस्ता म्हणजे 'बायपास', आणि समुद्रालगतचा दोनपदरी 12 नंबर म्हणजे 'बीच रोड'. साडेआठवा मैल दोन्ही रस्त्यांवर येतो, म्हणून नुसता आकडा पुरत नाही. तुमचं घर या दोन रस्त्यांच्या मध्ये आहे. राइट बंधूंचं स्मारक बायपासवरून उजव्या हाताला दिसलं की वेग कमी करा, वळण जवळ आलंय. डावीकडे वळताना मधल्या लेनमध्ये थांबायचं असतं. त्याच लेनमध्ये समोरूनही गाडी वळायला येते, हे मुलाला आठवण करून द्या.

उत्तरेला कोरोलाला जायचं असेल तर पूल उतरल्यावर डावीकडे 12 नंबर धरा. नकाशात कोरोला मुख्य भूमीच्या अगदी समोर दिसतं, पण मध्ये पूल नाही. शनिवारी भाड्याची घरं बदलतात आणि हा एकच रस्ता तुंबतो, तेव्हा तो दिवस टाळाच.

दक्षिणेला व्हेलबोन जंक्शनवर 64 नंबर उजवीकडे रोअनोक बेटाकडे जातो. तुम्ही सरळ 12 नंबरवर राहा. पेट्रोल मात्र नॅग्ज हेडलाच भरून घ्या. ओरेगन इनलेटचा पूल ओलांडला की पी आयलंड अभयारण्य लागतं, तिथे रोडँथी गावापर्यंत ना दुकान, ना पंप.

खरी काळजी इथे घ्यायची. बेट इतकं अरुंद आहे की वादळात लाटा वाळूचा बांध फोडून थेट रस्त्यावर येतात. 2003 मध्ये इझाबेल वादळाने हॅटरस गावाजवळ बेटच तोडलं, 2011 मध्ये आयरीनने पी आयलंडवर. वारं फिरलं की साउंडचं पाणीही मागून चढतं. म्हणून निघण्याआधी 'ड्राइव्ह एनसी' या राज्याच्या वाहतूक संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती बघा. रस्त्यावर पाणी दिसलं तर थांबा. ते खारं असतं आणि ब्रेक, तारा गंजवतं. फोटोसाठी गाडी कडेला घेऊ नका. वर कोरडी, घट्ट दिसणारी वाळू चाकाखाली भुसभुशीत निघते. रुतलात तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक आणखी खोल जातं. चाकांमागची वाळू हाताने उपसा, टायरची हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवा आणि हळू मागे या. पक्क्या रस्त्यावर पोचताच हवा परत भरा.

ओक्राकोकला पूल नाही. हॅटरस गावातून गाडीसकट फेरीबोटीने जायचं, तासाभराचा प्रवास. या फेरीला आरक्षण नसतं, जो आधी रांगेत त्याला आधी जागा. उन्हाळ्यात सकाळी लवकर पोचा. ओक्राकोकहून मुख्य भूमीच्या बाजूला, सीडर आयलंड किंवा स्वॉन क्वार्टरला जायचं ठरलं, तर त्या फेऱ्यांची जागा मात्र आधीच राखून ठेवा.