महामारीमुळे गरिबी कशी वाढते? अर्थव्यवस्था सावरली की ती आपोआप कमी होत नाही का?

आपोआप तर मुळीच होत नाही. सोलापुरातल्या आमच्या महिला बचत गटाची वही मी लिहिते, म्हणून एवढ्या खात्रीनं सांगते. आमचे भाऊजी सरकारी नोकरीत आहेत, लॉकडाऊनमध्ये त्यांचा पगार चालू होता. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: "माणशी 5 किलो धान्य फुकट मिळालं, बायकांच्या जनधन खात्यात 500 रुपये आले, मग गरीब झालं कोण?" तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

आमच्या गटातल्या एका बाईचं सांगते. नवरा यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात, पगार आठवड्याचा. तिनं गटातून कर्ज काढून मोटर बसवलेली शिलाई मशीन घेतली होती. ब्लाऊज, फॉल-पिको, जूनच्या तोंडावर शाळेचे गणवेश. घरभाडं त्या मशीनवर निघायचं. मार्च 2020 मध्ये माग बंद पडले. आधी डब्यातले पैसे संपले, मग तिनं गटातली बचत काढून घेतली, मग कानातले गहाण पडले. रेशनचा तांदूळ-गहू आला, खरंच आला. पण तेल, गॅस, भाडं, सासूच्या शुगरच्या गोळ्या कुठल्या रेशनच्या दुकानात मिळतात? वर एका फायनान्स कंपनीचा हप्ता. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, पण व्याज चढतच होतं आणि वसुलीवाल्याचे फोन थांबले नव्हते. शेवटी मशीन गेली. 9 हजारांची मशीन साडेतीन हजारांत. गल्लीत सगळेच विकायला बसलेले, घेणारा म्हणेल तो भाव.

पुढे माग सुरू झाले, नवऱ्याला काम मिळालं. भाऊजींच्या हिशेबानं ते घर इथे सावरलं. माझ्या वहीत मात्र तिच्या पानावर बचतीचा रकाना कोरा आणि कर्जाचा भरलेला. मशीन नाही म्हणून ती विड्या वळायला बसली. थोरला मुलगा नववीत होता, ऑनलाइन शाळेला घरात एकच फोन, तोही बापाचा. पोरगा गॅरेजवर जायला लागला आणि शाळा उघडल्यावर परत गेलाच नाही. तो रोजचे पैसे घरी आणून देतो म्हटल्यावर आईबापाला "शाळेत जा" म्हणायला तोंड राहत नाही. मी जाऊन बोलले होते. आईनं ऐकून घेतलं आणि चहा ठेवायला उठली.

गरिबी वाढते ती अशी. थांबलेलं काम परत मिळतं, पण पोटासाठी विकलेलं अवजार, मोडलेला दागिना, सुटलेली शाळा परत मिळत नाही. विकताना कवडीमोल आणि परत घेताना पूर्ण भाव, या फरकातच माणूस खाली जातो. घरात आजार शिरला असेल तर विचारूच नका. कोरोनानं माणूस गेला त्या घराला सरकारनं 50 हजार दिले. खासगी दवाखान्याचं बिल कित्येकांना त्याच्या कितीतरी पट आलं होतं.

हे फक्त सोलापूरचं नाही. जागतिक बँकेच्या अंदाजानं 2020 या एका वर्षात जगात अतिगरिबांची संख्या सुमारे 7 कोटींनी वाढली. 1918 च्या इन्फ्लुएंझातही आपल्याकडे त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला, धान्य महागलं, आणि मुंबईत तेव्हा खालच्या मानलेल्या जातींत हजारी 60 च्या वर माणसं मेली, युरोपियनांत 9 च्या आत. रोग सगळ्यांना सारखाच होतो म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर वाचावेत.

तुम्ही अभ्यासासाठी विचारत असाल तर घरोघरी "आता मिळकत किती?" एवढंच विचारून उठू नका. 2020-21 मध्ये काय विकलं, काय गहाण टाकलं, त्यातलं परत किती आलं, हे विचारा, आणि बायकांना विचारा. पुरुष "आता बरं चाललंय" म्हणून मोकळे होतात. आमच्या भाऊजींनी शेजारच्या एका घरात जरी हे विचारलं असतं तरी जेवताना तो विषय काढला नसता.

रेशन नसतं तर माणसं उपाशी मेली असती, हे मला मान्य आहे, ते बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. गावाकडे ज्यांची थोडी शेती होती त्यांचं चित्र वेगळं असेल. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकातल्या प्लेगनंतर मजूर कमी पडून मजुरी वाढली, हेही खरं. पण आमच्याकडे मागावर माणसं कमी पडली नाहीत. उलट एका जागेला चार जण उभे होते, आणि मालकानं दिला तो दर घेऊन नवरा कामावर गेला.