जुळलेली पिल्ले आणि वाकड्या कण्याची बोय: मच्छीमारांच्या शंकांना उत्तर

ऐरोलीच्या एका मच्छीमार बांधवांना खाडीतील शिंगाळा या मिशा असलेल्या माशाच्या तोंडात, बलकाच्या एकाच पिशवीला जोडलेली दोन पिल्ले आढळली. दिव्याच्या एका शेतकऱ्यांच्या खाजणातील (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतील) तळ्यात वाकड्या कण्याची बोय ही मासळी निघाली. पाणी विषारी झाले आहे का, असे दोघांनीही विचारले आहे.

शिंगाळ्याचा नर मोठाली अंडी तोंडात धरून उबवतो. एखाद्या अंड्यात गर्भ तयार होताना शरीराचे दोन अक्ष, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंतच्या दोन रेषा, धरले जातात, पण ते पुरते वेगळे होत नाहीत, आणि मग अशी जोडी जन्मते. उघड्या पाण्यात अशी पिल्ले बलक संपताच मरतात किंवा खाल्ली जातात. तोंडात वा पोटात पिल्ले सांभाळणाऱ्या जातींत ती काही काळ टिकतात, म्हणून आपल्या नजरेस पडतात. ऑक्टोबर २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातील सातपाटीच्या मच्छीमारांना दोन डोक्यांचे मुशीचे (शार्कचे) पिल्लू मिळाले होते. अशा एकट्या जोडीवरून पाण्याला दोष देता येत नाही.

वाकड्या कण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती मी अधिक गंभीर मानतो. जड धातू, काही कीटकनाशके, वाढीच्या काळातील प्राणवायूची कमतरता, परजीवी, तसेच तळ्यातील माशांना जुने, 'क' जीवनसत्त्व नष्ट झालेले खाद्य दिल्यास कणा वाकतो. जाळ्यात वा शिकारी माशाच्या दातांत सापडून वाचलेला मासाही वाकडा दिसतो; त्याच्या अंगावर बहुधा व्रण असतो किंवा तेथील खवले वेडेवाकडे उगवलेले असतात. म्हणून पागात (हाताने फेकायच्या जाळ्यात) आलेल्या शंभर बोयी हाताळून त्यांपैकी वाकड्या किती, याची नोंद ठेवावी, आणि उघाडीतून (खाडीचे पाणी आत घेण्याच्या बांधातील दारातून) पाणी घेतल्यानंतर हे प्रमाण वाढते का, हेही पाहावे. ते वाढत असल्यास पाण्याचा नमुना तपासून घ्यावा आणि तोपर्यंत उघाडी बंद ठेवावी.

विकृत मासा फेकू नये. पट्टीशेजारी ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे, तो बर्फात ठेवावा आणि तारीख, ठिकाण व भरती-ओहोटीची वेळ लिहून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे द्यावा.

जन्मजात व्यंग संसर्गजन्य नसते. परंतु एकाच ठिकाणी अनेक मासे वाकडे निघत असतील, तर तपासणी होईपर्यंत तेथील मासळी खाऊ नये व विकू नये, कारण शिजवल्याने जड धातू नाहीसे होत नाहीत.