टेस्टोस्टेरॉन घेत असताना हिमोग्लोबिन चांगले असूनही फेरिटिन इतके कमी कसे? लोहाच्या गोळ्या घ्याव्यात का?

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे. वय 31, सव्वा वर्षापासून दर आठवड्याला 400 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट, मध्ये काही आठवडे स्टॅनोझोलॉल या ॲनाबॉलिक स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि पीसीव्ही (रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण) 54 च्या पुढे गेला म्हणून दर तीन महिन्यांनी एक याप्रमाणे चार वेळा केलेले रक्तदान. आता जिना चढताना धाप लागते, रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत, केस गळतात. ताज्या अहवालात हिमोग्लोबिन 15.6, पीसीव्ही 51.7, तांबड्या पेशी 68 लाख, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) 76 आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याचे माप) 9 आहे. हे सर्व सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिन 14.5 आणि एमसीव्ही 88 होते. जिममधील ट्रेनरने सलाईनमधून लोह चढवून घेण्यास सांगितले आहे आणि ते घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी रक्तपेढीत वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करतो आणि अलीकडे असे अहवाल घेऊन येणारे तरुण मला वरचेवर भेटतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सलाईनमधून लोह आज घेऊ नका. तुमच्या शरीरात लोहाची कमतरता नक्कीच आहे आणि ती भरून काढावीही लागेल. पण ती ज्या कारणाने झाली ते कारण तसेच चालू ठेवून वरून लोह ओतले, तर आज 52 च्या आसपास असलेला पीसीव्ही काही आठवड्यांत पुन्हा 55 च्या पुढे जाऊ शकतो. मग तुम्ही पुन्हा रक्त काढाल, पुन्हा फेरिटिन खाली येईल, आणि हे रहाटगाडगे थांबणार नाही.

टेस्टोस्टेरॉनचा रक्ताशी असलेला संबंध नवा नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांसाठी एरिथ्रोपोएटिनचे (तांबड्या पेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाचे) इंजेक्शन 1989 मध्ये अमेरिकेत मंजूर होण्यापूर्वी, त्यांचे रक्त वाढवण्यासाठी नॅन्ड्रोलोनसारखी ॲनाबॉलिक स्टेरॉइडेच दिली जात असत, आणि अप्लास्टिक ॲनिमियाच्या (अस्थिमज्जा पुरेशा रक्तपेशी बनवत नाही अशा आजाराच्या) काही रुग्णांना आपल्याकडील डॉक्टर स्टॅनोझोलॉल देत आले आहेत. जिममध्ये स्नायूंसाठी घेतली जाणारी ही औषधे मुळात रक्त वाढवणारीही आहेत, ही गोष्ट ती विकणारा सहसा सांगत नाही.

हे घडते ते दोन वाटांनी. टेस्टोस्टेरॉनमुळे एरिथ्रोपोएटिनची पातळी चढते आणि अस्थिमज्जेला अधिक तांबड्या पेशी तयार करण्याचा आदेश जातो. दुसरी वाट हेप्सिडिनची. हेप्सिडिन हे यकृतात तयार होणारे संप्रेरक असून, आतड्यातून आणि साठ्यातून रक्तात येणाऱ्या लोहाच्या दारावर ते पहारा देते. त्याचे प्रमाण वाढले की दार बंद होते आणि घटले की उघडते. टेस्टोस्टेरॉन हेप्सिडिनला दाबते, हे 2010 च्या सुमारास प्रयोगांतून स्पष्ट झाले. त्यामुळे साठ्यातले लोह भराभर बाहेर पडते आणि नव्या पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये जाऊन बसते. फेरिटिन हे साठ्याचे माप आहे, कणगीत किती धान्य उरले आहे ते सांगणारे. तेव्हा टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर फेरिटिन काहीसे उतरणे हे एकट्याने घाबरण्याचे लक्षण नाही, कारण तेवढे लोह शरीरातच असते, फक्त त्याची जागा बदललेली असते. तुमच्या बाबतीत मात्र ते शरीराबाहेर गेले आहे.

याचा हिशेब मांडता येतो. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे 3.4 मिलिग्रॅम लोह असते. तुमच्या शरीरात साधारण साडेपाच लिटर रक्त आहे असे धरले, आणि पीसीव्ही 54 च्या पुढे असताना हिमोग्लोबिन साधारण 17 होते असे मानले, तर ते 14.5 वरून 17 वर जाताना सुमारे 470 मिलिग्रॅम लोह साठ्यातून पेशींत गेले. 17 हिमोग्लोबिन असताना 350 मिलिलिटर रक्त दिले की सुमारे 200 मिलिग्रॅम लोह पिशवीत जाते. चार वेळांचे 800. निरोगी पुरुषाचा एकूण साठाच 500 ते 1000 मिलिग्रॅमच्या दरम्यान असतो. याउलट आहारातून रोज शोषले जाणारे लोह एक-दोन मिलिग्रॅम, आणि त्यातलेही जवळपास एक मिलिग्रॅम रोजची स्वाभाविक झीज भरण्यात खर्च होते. साठा रिता झाल्यावर आतडे अधिक शोषते हे खरे, तरी रोज दोन मिलिग्रॅम शिल्लक पडले असे मानले तरी एका रक्तदानाची भरपाई होण्यास शंभर दिवस लागतील. तुम्ही नव्वद दिवसांनी पुन्हा जात होता.

आता हिमोग्लोबिन 15.6 असताना थकवा का, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. लोह केवळ रक्ताला लागत नाही. स्नायूंतील मायोग्लोबिनला, पेशींमध्ये ऊर्जा निर्माण करणाऱ्या वितंचकांना (एन्झाइम्सना) आणि मेंदूतील रासायनिक संदेशवाहकांच्या निर्मितीलाही ते लागते. टेस्टोस्टेरॉनच्या रेट्याखाली अस्थिमज्जा हाताला लागेल ते लोह आपल्याकडे ओढून घेते आणि बाकीचे अवयव उपाशी राहतात. पाय अस्वस्थ होणे, केस गळणे, व्यायामातली दमछाक या तक्रारी ॲनिमिया नसतानाही केवळ लोहाच्या अभावाने होऊ शकतात. अस्थिमज्जेलाही लोह पुरत नाहीच, म्हणून ती संख्येने पुष्कळ पण आकाराने लहान पेशी बनवते. तुमचा 76 एमसीव्ही तेच सांगतो. केवळ हिमोग्लोबिन पाहणाऱ्याला तुम्ही ठणठणीत दिसाल, आणि रक्तदान शिबिरात बोट टोचून होणारी तपासणी नेमकी तेवढीच पाहते.

एमसीव्ही कमी आणि तांबड्या पेशी पुष्कळ, हे चित्र थॅलेसेमिया मायनर या हिमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषातही दिसते. एमसीव्हीला दशलक्षांतील पेशींच्या आकड्याने (68 लाख म्हणजे 6.8) भागून 13 पेक्षा कमी उत्तर आले तर डॉक्टरांना आधी थॅलेसेमियाची शंका येते, आणि तुमचे उत्तर 11 च्या आसपास येते. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत त्याचे प्रमाण अधिक असल्यामुळे महाराष्ट्रात ही शंका घेणे योग्यच ठरते. परंतु तुमचा आधीचा एमसीव्ही 88 होता, आणि थॅलेसेमिया मायनर जन्मापासून असतो, तो वयाच्या तिसाव्या वर्षी सुरू होत नाही. तुम्ही जुना अहवाल जपून ठेवला याचे मला फार बरे वाटले; ज्यांच्याकडे तो नसतो त्यांना हिमोग्लोबिन ए-टू ची तपासणी करावी लागते, आणि लोह कमी असताना त्या तपासणीचा आकडाही खोटा उतरू शकतो.

फेरिटिनबद्दल एक सावधगिरी, जी तुमच्यापेक्षा हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी अधिक महत्त्वाची आहे. स्टॅनोझोलॉल, ऑक्सिमेथोलोन, मेथॅन्डिएनोन यांसारख्या तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडांनी यकृताला इजा होते, आणि यकृत सुजले किंवा शरीरात कोठेही दाह असला की फेरिटिन वर जाते. अशा वेळी 60 किंवा 80 हा आकडा सुरक्षित वाटतो, पण साठा प्रत्यक्षात रिकामा असू शकतो. म्हणून फेरिटिनसोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणाऱ्या प्रथिनाचा किती टक्के भाग लोहाने भरला आहे ते), सीआरपी (दाह दाखवणारी तपासणी) आणि यकृताच्या तपासण्या पाहाव्यात. सॅच्युरेशन 20 टक्क्यांच्या खाली असेल तर फेरिटिनच्या आकड्यावर विसंबू नये. तुमचे फेरिटिन 9 असल्याने तुमच्याबाबत मात्र संशयाला जागा नाही.

मग काय करावे? आधी रक्तदान पूर्ण थांबवा. याबद्दल मला मनापासून काही सांगायचे आहे. रक्तपेढीतील प्रश्नपत्रिकेवर तुम्ही इंजेक्शनांची माहिती लिहिली होती का, हे तुम्ही सांगितलेले नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, जिममध्ये, कधी दुसऱ्याच्या हाताने सुई टोचून घेणाऱ्या माणसाचे रक्त दुसऱ्या रुग्णाला चढवणे मला कधीही मान्य होणार नाही, कारण संसर्गानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत चाचणीला न सापडणारे विषाणू असतात आणि त्या पिशवीच्या दुसऱ्या टोकाला एखादी बाळंतीण किंवा थॅलेसेमियाचे मूल असते. पीसीव्ही कमी करण्यासाठी रक्त काढणे हा उपचार आहे. तो डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावा आणि ते रक्त टाकून दिले जावे. अंतःस्रावतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसारही पीसीव्ही 54 च्या वर गेला की पहिले पाऊल टेस्टोस्टेरॉन थांबवण्याचे आहे, आणि तो उतरल्यावर कमी मात्रेने पुन्हा सुरू करण्याचे.

यातून मूळ प्रश्न येतो तो मात्रेचा. ज्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी आहे अशा पुरुषांना आठवड्याला 75 ते 100 मिलिग्रॅम दिले जाते. तुम्ही त्याच्या किमान चौपट घेत आहात. ही मात्रा चालू असेपर्यंत पीसीव्ही आणि लोह ही दोन्ही टोके एकाच वेळी सांभाळणे शक्य नाही, हे मी अनेकांच्या अहवालांत पाहिले आहे. मात्र एकाएकी स्वतःच्या मनाने बंद करू नका. सव्वा वर्षात तुमच्या वृषणांचे काम जवळपास थांबलेले असणार, आणि बंद केल्यावर येणारी मरगळ, उदासी व कामेच्छेतील घट यांना लोहाची कमतरता समजून तुम्ही भलतीच औषधे घ्याल. अंतःस्रावतज्ज्ञांना सर्व काही खरे सांगून भेटा. मूल हवे असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा.

मात्रा उतरल्यावर जादा तांबड्या पेशी आपापले सुमारे 120 दिवसांचे आयुष्य संपवून मोडतात आणि त्यांतील लोह साठ्यात परत येते. तुमच्या बाबतीत, हिमोग्लोबिन 15.6 वरून पूर्वीच्या 14.5 वर येताना, सुमारे 200 मिलिग्रॅम. तेवढ्याने कणगी भरत नाही, म्हणून पीसीव्ही 50 च्या खाली आला की डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या सुरू करता येतील. रोज दोन-तीन गोळ्या घेण्याची गरज नसते. एका गोळीनंतर हेप्सिडिन सुमारे दिवसभर वाढलेले राहते, म्हणून एक दिवसाआड एकच गोळी घेतल्यास शोषण चांगले होते आणि पोटही बिघडत नाही. ती चहा, दूध किंवा प्रोटीन पावडरीसोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल रोज घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्याने शोषण घटते.

रक्तदानाशिवाय दुसरीकडून रक्त झिरपत नाही ना, हेही पाहिलेच पाहिजे. व्यायामाच्या दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन वारंवार घेतल्याने जठरातून नकळत रक्त जाते. मूळव्याध, जंत आणि सीलिएक आजार (गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याचे शोषण बिघडवणारा) ही लोह कमी होण्याची कारणेही आहेत. शौचातील अदृश्य रक्ताची तपासणी साधी आहे आणि गोळ्या सुरू करण्यापूर्वी करणे सोयीचे, कारण लोहाने शौचाचा रंग काळा होतो आणि मग खरा रक्तस्राव ओळखणे अवघड जाते.

या दरम्यान छातीत दुखणे, एका पायाला सूज व ठणका, अचानक बोलणे अडखळणे किंवा दृष्टी धूसर होणे यांपैकी काहीही झाले तर थेट इस्पितळात जा आणि तिथे स्टेरॉइडांबद्दल लपवू नका. घट्ट झालेले रक्त, आणि लोहाच्या अभावाने कधी कधी वाढणाऱ्या प्लेटलेट, हे दोन्ही एकत्र असताना गुठळीचा धोका हलक्याने घेऊ नये. सिगारेट ओढत असाल, किंवा झोपेत घोरताना श्वास अडतो असे घरच्यांनी सांगितले असेल, तर पीसीव्ही वाढवणारी ती स्वतंत्र कारणे आहेत.

पुढची सीबीसी (रक्तपेशींची संपूर्ण तपासणी) चार आठवड्यांनी आणि फेरिटिन तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करा. एमसीव्ही हळूहळू 80 च्या वर सरकत असेल तर दिशा बरोबर आहे. टेस्टोस्टेरॉन पूर्ण थांबवून चार-सहा महिने झाल्यावरही पीसीव्ही 50 च्या वरच राहिला, तर रक्तविकारतज्ज्ञांना दाखवून जॅक-टू ही जनुकीय तपासणी करून घ्या, कारण पॉलिसायथिमिया व्हेरा नावाच्या रक्तविकारातही तांबड्या पेशी पुष्कळ आणि लोह कमी असेच चित्र दिसते.