ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी शाळेत टिकवायची तर

सर, तुम्ही लिहिलंय की सातवीतल्या चार मुली दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर कारखान्यावर जाणार आहेत. पालकसभेत समजावून झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या, तरी जायचं ठरलंच आहे. माझी सगळी नोकरी बीड जिल्ह्यात गेली, आधी शाळेवर आणि पुढे केंद्रप्रमुख म्हणून. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

शिक्षणाचं महत्त्व सांगण्यात आता वेळ घालवू नका. ते त्यांना पुरतं ठाऊक आहे. पहाटे अंधारात फडात उतरणाऱ्या बाईला शाळेचं मोल आपण काय सांगणार? घोडं अडतं ते दुसरीकडेच. सहा महिने पोरगी ठेवायची कुणाच्या भरवशावर? मुलाला आजीजवळ, चुलत्याकडे, कुठंही ठेवतात. मुलीला पाळी सुरू झाली की आईचा धीर होत नाही. मग दोनच वाटा उरतात, बरोबर न्यायची किंवा लग्न लावून द्यायचं. बरोबर नेली तर भाकरी, पाणी, धाकटी भावंडं सगळं तिच्यावर. कारखान्यावरच्या कोपीला, म्हणजे राहायच्या झोपडीला, धड दार नसतं, म्हणून तिथंही आईच्या जिवाला घोर, आणि त्या घोरापायी पुन्हा लग्नाचाच विषय. त्यात मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती नवराबायकोच्या जोडीला. अशा जोडीला 'कोयता' म्हणतात. लग्न झालं की नवा कोयता तयार, हा हिशेबही असतोच.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के, बीडमध्ये ४३.७ आणि परभणीत ४८ टक्के होतं. सातवी-आठवीच्या हजेरीपटावरून जी नावं गळतात, त्यातली बरीचशी या आकड्यात जाऊन बसतात.

म्हणून घरी जा, आणि शक्यतो शाळेतल्या बाईंना किंवा अंगणवाडीताईंना बरोबर घ्या. आई पुरुष शिक्षकासमोर खरं कारण बोलणार नाही. एक आई मला म्हणाली होती, "बाई, तुमी म्हंता पोरीला ठिवा. रातच्याला कडी लावली तरी आत ती एकलीच ना?" घरात आजी होती, पण तिला दिसत नव्हतं. भाषण करून त्या बाईचं मन वळलं नसतं. गल्लीतली एक एकटी राहणारी मावशी रोज रात्री त्यांच्याकडे झोपायला यायला तयार झाली, तेव्हा आई आपणहून शाळेत आली आणि संमतीपत्रावर अंगठा देऊन गेली. तुमच्या चारही मुलींच्या घरी हाच एक प्रश्न विचारा, रात्री सोबतीला कोण? प्रत्येकीचं उत्तर वेगळं निघेल.

जिच्याकडे आजी किंवा मावशी आहे, तिच्यासाठी हंगामी वसतिगृह. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत ते चालतं, जेवण शाळेत आणि झोपायला नातेवाइकांकडे. प्रस्ताव वेळेत गेला पाहिजे. मंजुरी यायच्या आत मजुरांना नेणारा ट्रॅक्टर निघून गेला, असं फार वेळा पाहिलंय. जिच्याकडे कुणीच नाही तिला निवासी जागाच हवी. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं त्यात धरलेली आहेत. समाजकल्याण कार्यालयात जागांची चौकशी करा. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, म्हणजे मुलींची निवासी शाळा, जवळ असेल तर तिथंही विचारा. आणि आईला एकदा तिथं घेऊन जा. न्हाणीघर कुठंय, दाराला कडी आहे का, रात्री कोण बाई असते, हे तिनं स्वतः पाहिलं की निम्मं काम होतं.

पुढच्या वर्षी मात्र दिवाळीची वाट पाहू नका. उचल पावसाळ्यातच घेतली जाते, आणि मुलीचे हात त्या हिशेबात एकदा धरले गेले की बापालाही मागं फिरता येत नाही. तेव्हा हे बोलणं आषाढ-श्रावणातच व्हायला हवं.

इतकं करूनही एखादी गेलीच, तर शिक्षण हमी पत्रक, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून आपण द्यायचा कागद, हातात दिल्याशिवाय सोडू नका. ती कोणत्या कारखान्यावर, कोणत्या गावात उतरणार हे मुकादमाकडून कळतं. तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना तुम्ही स्वतः फोन करा. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. पटावरून नाव काढू नका. मार्चमध्ये परत आली की ती तुमच्याच वर्गात बसली पाहिजे.

तुमची शाळा सातवीपर्यंतच आहे, तेव्हा जूनचा धोकाही तितकाच मोठा. आठवी दुसऱ्या गावात म्हटलं की पुष्कळ घरं तिथंच थांबतात. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी बस आणि सायकलीही आहेत. पण चौघींचे दाखले स्वतः नेऊन हायस्कुलात नावं घालून या. पालकांवर सोडलं तर 'उद्या जाऊ' करत जून निघून जातो.

लग्न ठरल्याची कुणकुण लागली तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर कळवा, सांगणाऱ्याचं नाव बाहेर जात नाही. गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. तुम्ही नवीन आहात, गावाशी एकट्यानं वैर घेऊ नका, केंद्रप्रमुखांना आधी विश्वासात घ्या. पण गप्पही बसू नका.

गेल्या वर्षी लग्न होऊन गेलेल्या मुलीबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. तिचं दार अजून बंद झालेलं नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून तिला दहावीला बाहेरून बसता येईल. त्यासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो आणि तो बहुधा तुमच्याच कपाटात पडून असेल. तो काढून तिच्या आईकडे द्या. फॉर्म कधी सुटतात ते मी इथंच कळवीन.