कायदा-सल्ला : छळाची फिर्याद लिहिताना

प्रश्न : मुलीच्या लग्नाला तीन वर्षं झाली. गाडीसाठी पाच लाख आण म्हणून नवरा आणि सासू तिला मारायचे. दोन महिन्यांपासून ती आमच्याकडे लातूरला आहे. इथले पोलीस म्हणतात, घटना पुण्यात घडली, तिकडेच जा. फिर्यादीत सासरच्या सगळ्यांची नावं घालावीत का?

उत्तर : पुण्याला जायची गरज नाही. छळामुळे घर सोडलेली स्त्री जिथे आश्रयाला येते, तिथेही गुन्हा दाखल होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही ठाण्यात दाद लागली नाही, तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना रजिस्टर टपालाने पाठवा आणि पावती जपा. त्यानंतरचा मार्ग शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याचा. आधी समुपदेशनाला पाठवलं तर जरूर जा, पण तक्रारीची पोच घेतल्याशिवाय नको. नाहीतर तारखांवर तारखा पडतात आणि ‘इतका उशीर का केला?’ हा प्रश्न पुढे मुलीलाच विचारला जातो.

१ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहितेचं ४९८-अ लागतं, नंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. शिक्षा दोन्हींत ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा अजामीनपात्र असला तरी लगेच अटक होईल असं धरून चालू नका; सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर पोलिसांना अटकेची गरज का आहे, याची कारणं नोंदवावी लागतात. बहुतेकदा आधी नोटीसच जाते.

आता नावांबद्दल. ज्याने जे केलं, त्याचंच नाव आणि तेवढंच लिहा. परगावी राहणारी नणंद, तिचा नवरा, चुलतसासरे यांना सरसकट गोवलं, की त्यांच्यापुरता गुन्हा उच्च न्यायालयात रद्द होतो. शिवाय उलटतपासणीत त्याच नावांवर बोट ठेवून मुलीची खरी तक्रारही खोटी ठरवायचा प्रयत्न होतो. ‘सर्वांनी संगनमताने शारीरिक व मानसिक छळ केला’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक फिर्यादीत असतं, आणि त्यातून काहीही सिद्ध होत नाही. त्याऐवजी एकेक प्रसंग लिहा : कधी (तारीख आठवत नसेल तर ‘दिवाळीनंतरच्या आठवड्यात’), कोण काय बोललं, किती रक्कम मागितली, कशाने मारलं, समोर कोण होतं. महत्त्वाचा प्रसंग आज राहून गेला आणि कोर्टात प्रथमच सांगितला, तर ती नंतरची भर समजली जाते. म्हणून सही करण्यापूर्वी जबाब शब्दन्‌शब्द वाचा. प्रत मोफत मिळते, ती घ्याच.

दवाखान्याचे कागद नीट पाहा. लाजेपोटी कितीतरी मुली डॉक्टरांना ‘बाथरूममध्ये पडले’ सांगतात आणि तेच केसपेपरवर उतरतं. तसं झालं असेल तर लपवू नका. असं का सांगितलं, तेही फिर्यादीत येऊ द्या. धमकीचे मेसेज ज्या फोनवर आहेत तो विकू नका, रीसेट करू नका. नुसत्या छापील प्रती पुरत नाहीत, सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

प्रश्न : लग्नात हुंडा आम्हीच दिला. ते सांगितलं तर गुन्हा आमच्यावरच येईल का?

उत्तर : हुंडा देणं हाही १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मात्र त्याच कायद्याच्या कलम ७(३) नुसार पीडित व्यक्तीने दिलेल्या निवेदनावरून तिच्यावर खटला भरता येत नाही. तेव्हा रक्कम दडवू नका. बैठकीत झालेली यादी, बँकेच्या नोंदी, सोनाराची बिलं जोडा. स्त्रीधन सासरीच अडकलं असेल तर त्याची वेगळी यादी देऊन न्याय संहितेतलं विश्वासघाताचं कलम ३१६ लावण्याची मागणी करा.

प्रश्न : तडजोड ठरली आहे. केस ठाण्यातच मागे घेता येईल?

उत्तर : नाही. कलम ८५ आपसात मिटवता येत नाही. दोघांच्या संमतीने उच्च न्यायालयातून गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. ठरलेली रक्कम आणि दागिने हातात पडल्याशिवाय, किंवा रक्कम न्यायालयात जमा झाल्याशिवाय, मुलीने संमतीच्या शपथपत्रावर सही करू नये. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.