जुन्या होंडा सिटीला ॲल्युमिनियमच्या अंडरड्राइव्ह पुल्या घरीच बसवाव्यात का?

तुमची गाडी २००२ ची सिटी १.५ व्हीटेक. क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) लहान आणि ऑल्टरनेटरची (गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्राची) मोठी, असा हलक्या पुल्यांचा सेट तुम्ही मागवलाय. बेल्टवरची यंत्रं त्याने हळू फिरतात, म्हणून नाव अंडरड्राइव्ह. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बसवायचा बेत आहे, रोजचं जाणं-येणं सिंहगड रोड ते हिंजवडी, आणि ताकद किती वाढेल हा प्रश्न.

काम घरी होतं, जरूर करा. पण हा सेट त्या गाडीला लावू नका.

आधी तुमची जुनी क्रँक पुली नीट पाहा. मधला हब आणि बाहेरची जड कडी यांच्यामध्ये रबराची काळी रेघ दिसली, तर ती नुसती पुली नाही, डँपर आहे. प्रत्येक स्फोटाबरोबर क्रँकशाफ्टला किंचित पीळ बसतो आणि सुटतो. ठरावीक आरपीएमला हा पीळ कंपनाच्या लयीत सापडतो आणि वाढत जातो. रबरावर बसलेली कडी नेमकं तेच कंपन शोषून घेते. एकसंध ॲल्युमिनियमच्या पुलीत हे काम करणारं काहीच नसतं. बसवल्यावर इंजिन चटकन फिरतंय असं वाटेल, आणि त्रास लगेच दिसणारही नाही. तो बेअरिंग आणि ऑइल पंपाच्या वाट्याला जातो. पण व्हीटेकची मजाच वरच्या आरपीएमला आहे, तुम्ही तिथे जाणारच.

आता ताकदीचा हिशोब. हेडलाइट, पंखे, ब्लोअर सगळं चालू असताना ५० अँपिअर धरू. १४ व्होल्टला ते झाले ७०० वॅट, म्हणजे एक हॉर्सपॉवरही पूर्ण नाही. ऑल्टरनेटरमधली गळती धरली तरी इंजिनावर दोनपेक्षा कमीच बोजा येतो. पुली बदलून हा बोजा जात नाही, कारण गाडीला लागणारी वीज तेवढीच राहते. ऑल्टरनेटर हळू फिरला तरी तेवढी वीज त्याला द्यावीच लागते. वाचतं ते फक्त घर्षण. हलकेपणाचंही तसंच आहे. फिरत्या वस्तूचा जडपणा त्रिज्येच्या वर्गाने वाढतो आणि पुलीची त्रिज्या लहान असते. वजन कमी करायचंच असेल तर क्लच बदलताना फ्लायव्हीलचा, म्हणजे क्लचला लागून असलेल्या जड चकतीचा, विचार करा.

तोटा मात्र रोज सिग्नलला भेटेल. समजा आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, क्रँक ७५० आरपीएमने फिरतोय आणि ऑल्टरनेटर त्याच्या अडीचपट, म्हणजे १,८७५. सेटने २० टक्के वेग कमी केला तर उरले १,५००. मे महिन्यात विद्यापीठ चौकात एसी लावून उभं राहिलात की बॅटरीतून ओढ सुरू होईल, एसी कोमट वारा देईल आणि पार्क करताना पॉवर स्टिअरिंग जड लागेल. एक भीती मात्र मनातून काढून टाका: या इंजिनात वॉटर पंप या बाहेरच्या बेल्टवर नाही, आतल्या टायमिंग बेल्टवर चालतो, त्यामुळे या पुल्यांनी तो मंदावत नाही.

तरीही क्रँकची लहान पुली लावणारच असाल तर तिच्यामुळे जुने बेल्ट लांब पडतील. बेल्ट क्रँकला साधारण अर्धा वेढा घालतो, म्हणून व्यासातल्या फरकाला १.५७ ने गुणा. व्यास २५ मिमीने कमी झाला तर बेल्ट सुमारे ४० मिमी आखूड लागेल. बेल्टवर ४पीके८७० असं काही छापलेलं असतं: चार धारा, लांबी ८७० मिमी. नाना पेठेत सुटे भाग घ्यायला जाताना जुना बेल्ट हातात घेऊनच जा.

तुमच्या जागी मी डँपरसह नवी मूळ पुलीच घेतली असती. वीस वर्षांत रबर कडक होतं, भेगा पडतात, कधी कडी हबवरून सरकते. ती बदलली की इंजिन खरंच गुळगुळीत होतं. मेहनत तेवढीच, आणि काम असं करा.

गाडी थंड असू द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा. पुली डाव्या पुढच्या चाकाच्या बाजूला आहे. गाडीबरोबर आलेल्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका, स्टँड लावाच. पार्किंगला पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली जाड फळी हवी, नाहीतर ब्लॉक खचतो. ऑल्टरनेटर, एसी आणि पॉवर स्टिअरिंगचे तिन्ही बेल्ट ढिले करून काढा, कुठला कुठून जातो त्याचा फोटो घ्या.

खरी झुंज मधल्या बोल्टशी. हे इंजिन उलट्या दिशेने, म्हणजे पुलीकडून बघताना घड्याळाच्या विरुद्ध फिरतं. त्यामुळे पाना टेकवून स्टार्टर मारायची जी युक्ती काही फिटर करतात, तिने इथे बोल्ट उलट आवळला जातो. शिवाय ती कुठल्याही गाडीवर धोक्याचीच. पुलीच्या षटकोनी खाचेत बसणारा ५० मिमीचा होल्डर मिळवा, तो जमिनीला टेकवा, लांब दांडा लावून सावकाश जोर द्या.

पुली निघाली की मागे ऑइल सील दिसेल. तेल पाझरत असेल तर आत्ताच बदला, आणि टायमिंग बेल्ट कधी बदललाय हे आठवत नसेल तर वॉटर पंपासकट तोही. क्रँकवरची छोटी चावी खाचेत नीट बसलीय ना पाहा. बोल्टचे पहिले काही आटे हातानेच चढवा, मग टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. अंदाजाने आवळू नका.

बेल्ट ताणल्यावर होल्डर काढून, बॅटरी जोडायच्या आधी, इंजिन पान्याने त्याच्याच दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा. बोल्ट सैल होण्याची दिशाही हीच आहे, म्हणून झटका न देता सावकाश फिरवा. मग स्टार्ट करून एसी आणि हेडलाइट लावा, आयडलला बॅटरीवर मल्टिमीटर धरा. १३.५ व्होल्टच्या वर असेल तर चार्जिंग ठीक आहे. दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना बेल्टचा ताण पुन्हा तपासा, नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैल पडतो.