आजोबांच्या ट्रंकेतला पाइप

प्रश्न : लालबागच्या आमच्या चाळीचा पुनर्विकास होतोय. घर रिकामं करताना आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक लाकडी पाइप मिळाला. त्यावर बारीक अक्षरांत ‘सँ-क्लोद, फ्रान्स’ असा ठसा आहे. भाऊ म्हणतो, चोरबाजारात देऊन टाकू. हे गाव कुठलं? आणि आत तंबाखू पेटवून लाकूड जळत कसं नाही?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, देऊन टाकू नका. तांत्रिक शाळेत मुलांना लेथवर लाकूड कातायला शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे या गावाबद्दल मला फार जिव्हाळा आहे.

आधी लाकडाचं सांगतो. पाइपाची वाटी खोडातून निघत नाही. भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांवर, कॉर्सिकासारख्या बेटांवर एक झुडूप वाढतं. त्याच्या बुंध्याशी, मातीच्या पातळीवर कठीण गाठ धरते. वणव्यात वरचं सगळं जळालं तरी या गाठीतून नवे कोंब फुटतात. आग सोसणं हा तिचा स्वभावच! ती खणून काढायची, कापायची, तासन् तास उकळून तिच्यातला रस काढायचा, मग महिनोन् महिने सावकाश सुकवायची. घाई केली की तडकते. ओढणाऱ्याच्या वापरानं वाटीत काजळीचा थर धरतो, तोही लाकूड राखतो.

आता गंमत बघा. सँ-क्लोद आहे फ्रान्सच्या पूर्वेला, ज्युरा डोंगरात, बिएन आणि ताकाँ या नद्यांच्या संगमावर. तिथल्या थंडीत हे झुडूप उगवतच नाही. मग कच्चा माल इतक्या लांबून तिथे का गेला? कारण हात तिथे तयार होते. संत क्लोद यांच्या समाधीला मध्ययुगापासून यात्रेकरू येत. फ्रान्सच्या राणी ॲननंही या संताला साकडं घातलं होतं, म्हणून १४९९ साली झालेल्या मुलीचं नाव क्लोद ठेवलं. यात्रेकरूंसाठी गावातले कातारी जपमाळा, शिट्ट्या, लहान मूर्ती करत. सावंतवाडीच्या चितारआळीसारखंच म्हणा. सँ-क्लोदच्या काताऱ्यांची चाकं नदीच्या पाण्यावर फिरत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ साली, संताचे अवशेष जाळले गेले. पण कातकाम टिकलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ही गाठ हाती येताच गाव पाइपांची राजधानी झालं. लंडनच्या दुकानांचे शिक्के बसलेल्या कितीतरी पाइपांच्या वाट्याही इथूनच जात.

पुढे त्याच गावात हिऱ्यांना पैलू पाडण्याचा धंदाही रुजला. आपल्या ऑपेरा हाऊसच्या हिरेबाजारातल्या माणसाला सँ-क्लोदमध्ये परकं वाटणार नाही. तिथल्या कॅथेड्रलजवळ पाइप आणि हिरे यांचं एकत्र संग्रहालय आहे. मला विचाराल तर आपल्या प्रत्येक कारागीर गावात असं एक हवं.

पाइपाला साबण लावू नका, पाण्यात बुडवू नका. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. तोंडात धरायची नळी बहुधा काळ्या इबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची असेल. ती उजेडानं हिरवट-पिवळी पडते, म्हणून खिडकीत न ठेवता कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. नळी काढायची झाल्यास ओढू नका, हळूहळू फिरवत सोडवा. आडवा जोर पडला तर वाटीच्या दांडीला चीर जाते.